गावातल्या वाचनालयातून पुस्तकांचा पॉडकास्ट : पाहुण्याला काय विचारावं, कोणत्या बोलीत, आणि बाकीचे उपद्व्याप

पऱ्हाटीवाला
राम राम मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. दिवसा शेती आणि संध्याकाळी गावातल्या ‘ड’ वर्ग वाचनालयाचा कारभार, असं माझं चालतं. मागच्या दिवाळीपासून मी आणि माझी मावसबहीण (ती जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे) मिळून पुस्तकांवरचा एक पॉडकास्ट चालवतो. पंधरवड्याला एक भाग, अर्ध्या तासाच्या आसपास. एक पुस्तक आणि त्या पुस्तकाशी संबंध असलेला एक माणूस. तो लेखक असेल, छापणारा असेल, विकणारा असेल, नाहीतर नुसता वाचणारा. या मंचावर स्वतःची जाहिरात चालत नाही, म्हणून नाव आणि दुवा देत नाही.

ऐकतं कोण, ते आधी सांगतो. तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची पोरं ऐकतात, पुण्या-नागपुरात नोकरीला गेलेले गाववाले ऐकतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया कमरेला मोबाइल खोचून ऐकतात, हे मात्र आमच्या ध्यानीमनी नव्हतं. यातल्या पुष्कळांनी ते पुस्तक वाचलेलं नसतं, पुढे वाचतीलच असंही नाही. तरी पुस्तकाच्या गप्पा त्यांना हव्या असतात.

अडचण पाहुण्यांची आहे. लेखक मंडळी फोनवर झकास बोलतात, पण रेकॉर्डिंग सुरू झालं की त्यांच्या अंगात संमेलनाचं व्यासपीठ संचारतं. ‘माझ्या लेखनप्रवासाची सुरुवात’ इथून जे निघतात ते थेट ‘नव्या पिढीने वाचलं पाहिजे’ इथेच थांबतात. मध्ये पुस्तक लागतच नाही. प्रकाशकांचं उलटं. ते आधीच कमी बोलतात, आणि पैशाचा विषय निघाला की त्यांच्या फोनची रेंज जाते.

तर विचारायचं असं, की मुलाखतीची तयारी कशी करावी? पुस्तकातला उतारा वाचून दाखवायचा तर परवानगी कोणाची घ्यावी? आणि आम्ही बोलावं कसं? मी प्रमाण मराठीत बोलतो, बहीण अधूनमधून वऱ्हाडीत शिरते, आणि लोकांना तिचंच आवडतं.

मूळचा_अकोल्याचा
उत्तम उपक्रम. वाचनखूण साठवली आहे. बोलीबद्दल एक सांगतो. पुण्यात माझ्या ऑफिसातल्या मंडळींना तुमच्यासारखा पॉडकास्ट ऐकवला तर वऱ्हाडी त्यांना पाच मिनिटं गोड वाटेल, मग समजायला जड जाईल. पोहोच वाढवायची असेल तर निवेदन प्रमाण भाषेतच ठेवा. बोली पाहुण्यावर सोडा.

बुढीचा_नातू
काऊन बाप्पा, पुन्याच्या हापिसातल्या लोकायसाठी चालू केला काय त्याईनं पॉडकास्ट? वेचनी करनाऱ्या बाया आयकून रायल्या, त्याईले काय जड जाते? आमची बुढी टीव्हीवरच्या बायाईचं बोलनं रोज आयकते. तिले समजते सारं, पन ते आपल्यासाठी हाय असं तिले वाटत नाई. पुस्तकाच्या गोष्टीत कोनी ‘मले’ अन् ‘तुले’ म्हनलं तं बुढी उठून बसते.

निवृत्त_निवेदक
भाषेवरून धागा पेटायच्या आत मूळ प्रश्नावर येतो. मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होतो, त्यामुळे हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे.

पाहुण्याला लेखी प्रश्न आधी पाठवू नका. लेखी प्रश्न मिळाले की तो लेखी उत्तरं घेऊन येतो आणि तुमच्यासमोर बसून ती वाचतो. त्याऐवजी फक्त पानं कळवा. ‘सर, अमुक प्रकरण आणि शेवटची दहा पानं, एवढ्यावर बोलू.’ यात दोन गोष्टी साधतात. तुम्ही पुस्तक खरंच वाचलंय हे त्याला कळतं, आणि बहुतेक लेखकांच्या आयुष्यात असा माणूस क्वचितच भेटलेला असतो. शिवाय तो घरी जाऊन स्वतःचं पुस्तक पुन्हा उघडतो. छापून आल्यावर आपलं पुस्तक न उघडलेले लेखक मी खूप पाहिले आहेत.

प्रेरणा, लेखनप्रवास, आवडता लेखक, नव्या पिढीला संदेश, हे चार शब्द तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. त्याच्या तोंडून आले तर अडवू नका, संपादनात काढा.

सुरुवात त्याच्या वाचनानं करा. परिचय नाही, पुरस्कारांची यादी नाही. थेट त्याच्या पुस्तकातली दीड-दोन मिनिटं त्याच्याच आवाजात. स्वतःचा मजकूर वाचताना माणसाचा आवाज खाली येतो, व्यासपीठावरून तो उतरतो, आणि पुढची मुलाखत त्याच आवाजात होते. परिचय नंतर तुम्ही दोन वाक्यांत वेगळा रेकॉर्ड करून जोडा.

आता तुमची जमेची बाजू. तुम्ही शेतकरी आहात. शेतीवरची कादंबरी समोर असेल तर शहरातला मुलाखतकार विचारतो, ‘ग्रामीण वास्तव आपण कसं टिपता?’ तुम्ही विचारू शकता, ‘या प्रकरणात बैलजोडी विकली ती पेरणीच्या तोंडावर. कोणी असं करतं का? याला एवढी काय घाई होती?’ या प्रश्नाला भाषण करून उत्तर देता येत नाही. एकतर लेखकाकडे कारण असतं, आणि ते पुस्तकात न लिहिलेलं असतं, नाहीतर तो गडबडतो. दोन्ही ऐकण्यासारखं.

आणि उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थांबा. रेडिओवर आम्हाला शांततेची भीती घातलेली असायची, कारण दोन-चार सेकंद आवाज गेला की ड्यूटीरूममधून फोन यायचा. तुम्हाला तो धाक नाही. माणूस गप्प बसला की जे पुढे बोलतो ते बहुधा कामाचं असतं. नको असलेली शांतता नंतर कापता येते.

शाळावाली
मीच ती मावसबहीण. भावानं धाग्यात जे लिहिलं नाही ते मी लिहिते. निवेदककाका म्हणतात ते थांबणं याला जमत नाही. पाहुण्याचं वाक्य अर्ध्यात असतं आणि हा ‘बरोबर, बरोबर’ म्हणत स्वतःच्या शेताचं काहीतरी काढतो. संपादन मी करते, म्हणून मला माहीत.

काका, लेखकापेक्षा वाचक पाहुणा असला की भाग जास्त रंगतो, हे तुमच्या अनुभवात बसतं का? आम्ही सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’वर भाग केला होता. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी आहे, हे आमच्या पाहुण्याला ठाऊकही नव्हतं. बी.एड. झालेला, नोकरी न लागलेला, बापाच्या शेतात राबणारा मुलगा. कादंबरीतल्या मुलाची आणि त्याची कथा जवळपास एकच. तो पुस्तकाबद्दल मोजकंच बोलला, पण आपल्या घरात या पुस्तकातलं कोणतं भांडण झालंय आणि कोणतं अजून व्हायचंय, हे त्यानं सांगितलं. त्या भागानंतर वाचनालयातली प्रत परत आलीच नाही. कोणाकडे आहे ते कळतं, पण तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला.

निवृत्त_निवेदक
शाळावाली ताई, शंभर टक्के. वाचकाला स्वतःची प्रतिमा सांभाळायची नसते. पण असे भाग एकामागून एक करू नका, नाहीतर पुस्तक निमित्तापुरतं उरेल आणि सगळे आपापल्या घरचं सांगत बसतील.

(बंधुराजांना म्हणावं, पाहुणा बोलत असताना हातात काहीतरी धरा. मी पेनाचं टोपण धरायचो.)

कलम_कागद
परवानगीचं बोलतो. तालुका कोर्टात वकिली करतो, हा विषय रोजचा नाही, पण कायदा वाचलेला आहे.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. म्हणजे ‘ग्रामगीता’ घराघरात असली तरी अख्खी वाचून प्रसारित करायची तर २०२८ संपेपर्यंत परवानगी हवी. ‘महाराजांचं आहे, सगळ्यांचंच आहे’ हे भावनेला ठीक, कायद्याला नाही. आणखी एक. मूळ पुस्तक मोकळं झालं म्हणून त्याचा अनुवाद मोकळा होत नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा आणि त्याची मुदतही वेगळी.

समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी छोटा उतारा देता येतो, कलम ५२ मध्ये तशी सोय आहे. किती ओळी, असा आकडा कायद्यात नाही. उताऱ्यावर तुम्ही बोलत असाल तर सहसा अडचण येत नाही. अख्खी कथा वाचली आणि शेवटी ‘छान होती ना?’ एवढंच म्हटलं, तर त्याला परीक्षण कोणी म्हणणार नाही.

आता खरी मेख. परवानगी लेखकाची की प्रकाशकाची? हे त्यांच्यातल्या करारावर ठरतं. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, तोंडी चालत नाही. आपल्याकडच्या कितीतरी लेखकांनी प्रकाशकाशी कागदच केलेला नसतो. पुस्तक दिलं, छापून आलं, फराळाला बोलावलं, झालं. अशा वेळी ध्वनिरूपाचे हक्क लेखकाकडेच राहतात आणि त्याची परवानगी पुरते. करार असेल पण त्यात मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ प्रमाणे तो पाच वर्षांचा धरतात. क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरता. आणि ज्याला हक्क दिला त्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास तो हक्क परत लेखकाकडे येतो. हे कलम लेखकांना माहीत नसतं, प्रकाशकांना पक्कं माहीत असतं. एक भाग यावरच करा. पाहुणा मिळत नसेल तर मी येतो, काळा कोट न घालता.

लेखक हयात नसेल तर वारसांची सही घ्या. आणि प्रत्येक पाहुण्याकडून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच ‘ही मुलाखत प्रसारित करायला माझी संमती आहे’ हे वाक्य बोलवून घ्या. ते भागात ठेवायचं नाही, जपून मात्र ठेवायचं.

मूळचा_अकोल्याचा
वकीलसाहेब, माहितीपूर्ण. पार्श्वसंगीताचं काय? जुन्या सिनेमातल्या गाण्याचे दहा सेकंद चालतात म्हणे.

कलम_कागद
दहा सेकंदांची सवलत हे व्हॉट्सॲपवरचं कायदेशास्त्र आहे. यूट्यूबवर टाकलं की यंत्रणाच गाणं ओळखते आणि दावा लागतो. गावातलं काहीतरी वाजवून घ्या. भजनी मंडळ असेलच की.

कुलरची_हवा
ध्वनीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझं कामच ते आहे. लग्नाचे व्हिडिओ करतो, बाकी वेळ रिकामा.

पऱ्हाटीवाले भाऊ, तुम्ही रेकॉर्डिंग कुठं करता?

पऱ्हाटीवाला
कापूस भरलेल्या खोलीत. भाव पडलेले होते म्हणून माल घरातच ठेवला होता. अर्धी खोली भरलेली, उरलेल्या अर्ध्यात दोन खुर्च्या. फोनवरच रेकॉर्ड करतो.

कुलरची_हवा
वा! मग तुमच्याकडे फुकटचा स्टुडिओ आहे. लोक भिंतीला फोम लावायला पैसे घालतात. कापसासारखा आवाज खाणारं दुसरं काही नाही, घुमारा उरतच नाही. फक्त तंतू माइकच्या जाळीत जातात, म्हणून माइकवर पातळ सुती कापड बांधा. आणि पाहुण्याला आधी सांगा, अंग खाजेल.

माल विकल्यावर मात्र तीच खोली घुमायला लागेल. तेव्हा गाद्या उभ्या करायच्या, गोधड्या दोरीवर टाकायच्या.

उन्हाळ्याचं वेगळं गणित आहे. मे महिन्यात कुलर बंद करून पाहुण्याला अर्धा तास बसवणं म्हणजे खुनाचा प्रयत्न. कुलर चालू ठेवून रेकॉर्ड केलं तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ मारून आवाज काढता येतो, पण माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा होतो. पहाटे पाचला करा. कोकिळा ओरडेल, तिला ओरडू द्या. कंडेन्सर माइक घेऊ नका, तो दोन गल्ल्यांवरची पिठाची गिरणी पण उचलतो. साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून एक वीत. तेवढं बजेट नसेल तर कॉलरला लावायचे दोन वायरवाले क्लिप माइक घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा. लाईनच्या भरवशावर राहू नका, फोन आणि लॅपटॉप दोन्ही चार्ज असू द्या.

पाहुणा दूर असेल तर कॉलचं रेकॉर्डिंग वापरू नका. कॉल फक्त बोलण्यासाठी. दोघांनी आपापल्या दुसऱ्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवायची, म्हणजे जोडताना दोन्ही फाइली टाळीवर जुळवता येतात. पाहुण्यानं फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. व्हॉइस नोट करून पाठवली की दर्जा गेला.

शेवटी मोनो ठेवा, ६४ केबीपीएस एमपी३. बोलण्याला तेवढं पुष्कळ होतं. अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबी होते, त्याच्या दुप्पट केबीपीएसला २९. तुमचे श्रोते शेतात दोन दांड्यांच्या रेंजवर आहेत, त्यांना हा फरक कळतो. लाउडनेस (आवाजाची सरासरी पातळी, ती एलयूएफएसमध्ये मोजतात) मोनोला उणे १९ एलयूएफएसच्या आसपास ठेवा, म्हणजे एका भागाचा आवाज मोठा आणि दुसऱ्या भागाचा बारीक असं होणार नाही.

शाळावाली
१४ एमबीवरून आठवलं. आमचे बरेचसे श्रोते ॲपवर येतच नाहीत. कोणीतरी फाइल उतरवून घेतो आणि बचत गटाच्या ग्रुपवर टाकतो, तिथून ती फिरते. आकडेवारीत यातलं काहीच दिसत नाही. एका भागाला ॲपवर अगदीच मोजके श्रोते दिसत होते आणि त्याच आठवड्यात बाजारात भाजीवालीनं मला विचारलं, ‘ताई, त्या बाईले शेवटी जमीन भेटली का नाई?’

मी सांगितलं नाही, पुस्तक वाचा म्हटलं. तिला वाचता येत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून शेवट सांगायचा की नाही यावर आमच्यात वाद आहे. भावाचं म्हणणं, सांगायचा नाही. माझं म्हणणं, शेवट सांगून टाकायचा. ज्याला वाचायचं तो तरीही वाचतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीत कौतिकच्या वाट्याला काय येतं हे माहीत असूनही लोक १९६० पासून वाचतच आहेत ना?

दुसरं, फाइल अशी सुटी फिरते म्हटल्यावर खाली लिहिलेलं वर्णन कोणालाच दिसत नाही. म्हणून पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत आणि कुठं मिळेल हे आम्ही आता पहिल्याच मिनिटात बोलतो.

बुढीचा_नातू
सांगून टाका शेवट. आमच्या बुढीले रामायनाचा शेवट मालूम हाय, तरी दर साली आयकते.

निवृत्त_निवेदक
‘धग’चा विषय निघालाच आहे तर बोलीच्या वादावर तोडगा तिथेच सापडतो. उद्धव शेळक्यांनी निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं आणि संवाद वऱ्हाडीत. दोन्ही एकाच पुस्तकात सुखानं नांदतात. तुम्ही दोघं आहात, वाटणी आपोआप झालेली आहे. भाऊ प्रमाणात बोलतो, बहीण वऱ्हाडीत. जुळवून घ्यायला जाऊ नका.

मूळचा_अकोल्याचा
हे पटलं. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण हे पटलं.

मेहकरवाली
अवांतर नाही, विषयाला धरूनच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे. गावात वकिली करत राहिले, मुंबई-पुण्याला गेले नाहीत. १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘खूणगाठी’ या कवितासंग्रहाला. पण त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं ते त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, जी. एन. जोशींनी ‘शीळ’ ही कविता गायली आणि तिची ग्रामोफोनची तबकडी निघाली तेव्हा. म्हणजे पुस्तक पोहोचायच्या आधी आवाज पोहोचला. यावर एक भाग नक्की करा. कविता आधी कानावर पडली आणि मग ज्यांनी पुस्तक शोधलं, असे म्हातारे वाचक आमच्याकडे अजून सापडतील, पण घाई करावी लागेल.

टाइपसेटर
प्रकाशक बोलत नाहीत म्हणता, मग प्रकाशकाला बोलावूच नका. डीटीपीवाल्याला बोलवा, बाइंडरला बोलवा. मी जिल्ह्याच्या गावी वीस-बावीस वर्षं हेच काम करतो. कोणाचं पुस्तक कोणाच्या पैशानं निघतं हे आम्हाला कागदाच्या बिलावरूनच कळतं.

माझ्याकडं येणारी बहुतेक कामं तीनशे-पाचशे प्रतींची. कवितासंग्रह तर सगळेच्या सगळे कवीच्या खर्चानं. शिक्षक, ग्रामसेवक, निवृत्त झालेले तलाठी. पीएफमधून पैसे काढतात. प्रकाशन समारंभाला शंभर प्रती वाटतात, शंभर प्रकाशक ठेवून घेतो, बाकी घरी दिवाणाखाली. असा दिवाण उघडायला लावणारा एक भाग करा. मी चेष्टा करत नाही. त्या दिवाणाखाली कधीकधी फार चांगलं पुस्तक असतं आणि ते गावच्या वाचनालयात सुद्धा नसतं. पऱ्हाटीवाले, तुमच्या वाचनालयात तुमच्याच तालुक्यातल्या किती लेखकांची पुस्तकं आहेत?

लेखकांसाठी दोन कामाच्या गोष्टी भागात जरूर सांगा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, फुकट मिळतो. दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन, लेखक स्वतः प्रकाशक असेल तर स्वतःही करू शकतो. त्याचे वेगळे पैसे लावणारे लोक मी पाहिले आहेत, लेखक बिचारे भरतात. आणि १९५४ चा कायदा आहे, पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकानं स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची, शिवाय चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. किती जण पाठवतात ते विचारू नका. पाठवलं की तुमचं पुस्तक तुमच्यानंतरही कुठंतरी नोंदलेलं राहतं.

अजून एक रडगाणं. हस्तलिखित कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणतात, मग युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, आणि पुस्तकात जी चूक राहते ती माझ्या नावावर जाते. हा भाग तुम्ही नाही केला तरी चालेल.

वडसावाला
सगळे वऱ्हाडाचंच बोलून रायले. विदर्भात पूर्वेकडची झाडीपट्टी पण येते, आठवण करून देतो.

आमच्याकडं दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक पाहिजेच, आणि ते पहाटेपर्यंत चालतं. वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं, तिथंच बुकिंग. दरसाल नवी नाटकं लिहिली जातात. लिहिणारा माणूस गावातलाच, प्रेक्षक हजारांनी, तिकीट काढून. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना झाडीपट्टी रंगभूमी हे नाव समजलं, नाहीतर कोण विचारत होतं.

पण यातली किती नाटकं पुस्तकरूपात येतात? फार थोडी. संहिता वहीत असते, वही कंपनीकडं असते. तुम्ही पुस्तकांचा पॉडकास्ट करता, मग जिथं लेखक आहे, वाचून पाठ करणारे नट आहेत, पैसे देणारा प्रेक्षक आहे आणि फक्त पुस्तकच नाही, अशा ठिकाणी या की एकदा. लेखकाला विचारा, कंपनीनं सांगितलं की अमुक नटाला दोन रडायचे प्रवेश पाहिजेत, तेव्हा तू काय करतो? त्याचं उत्तर तुमच्या पुण्याच्या कादंबरीकारापेक्षा मोकळं येईल. रेकॉर्डिंग दुपारी करा, रात्री जनरेटरच्या आवाजात काही होणार नाही.

कलम_कागद
वडसावाले, त्या वहीचे हक्क कोणाचे, यावर मी वेगळा भाग मागतो.

वडसावाला
वकीलसाहेब, हंगामात नका येऊ, मारामाऱ्या होतील.

टपालातली
पुस्तकं मागवण्याबद्दल. भागात ‘कुठं मिळेल’ सांगता ते चांगलं आहे, पण गावापर्यंत येणार कसं तेही सांगा. जुनं रजिस्टर्ड बुक पोस्ट २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं तेव्हा छोट्या विक्रेत्यांची पंचाईत झाली होती. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि जास्तीत जास्त पाच किलोला १०० रुपये, अधिक कर. पाकीट कुठं पोहोचलं तेही पाहता येतं. जायला वेळ लागतो कारण ते रस्त्यानं, रेल्वेनं जातं. पाच किलोत पंधरा-वीस पुस्तकं बसतात. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून मागवलं तर कर सोडून पुस्तकामागं पाच-सात रुपये पडतात. आमच्या खिडकीवर मागितलं तर मिळतं, पण नाव घेऊन मागावं लागतं.

पऱ्हाटीवाला
सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

निवेदककाका, पुढच्या भागाला पानं कळवून पाहिली. पाहुणे बुलढाण्याकडचे कादंबरीकार. त्यांनी आधी फोन करून विचारलं, ‘तुम्ही सातवं प्रकरणच का निवडलं?’ मी म्हटलं, त्यात तुम्ही तुरीच्या शेतात जे पाणी दाखवलंय ते मला खटकलं. पाऊण तास फोन चालला. रेकॉर्डिंग अजून व्हायचंय आणि मला आता भीती वाटते की सगळं फोनवरच बोलून झालं.

टाइपसेटर दादा, तुमचा प्रश्न झोंबला. कपाट धुंडाळलं. आमच्या तालुक्यातल्या लेखकांची पुस्तकं निघाली, पण बहुतेक लेखकानं स्वतः आणून दिलेली, कोरी, एकदाही घरी न गेलेली. त्यातल्या एका निवृत्त तलाठ्याच्या आठवणी बहिणीनं वाचायला घेतल्यात. जमिनीच्या मोजणीचे किस्से आहेत, आणि ती हसत सुटली आहे. त्यांना बोलवतोय.

शेवट सांगायचा की नाही यावर तह झाला आहे. शेवट सांगायचा, पण भागाच्या शेवटी, ‘ज्याला नको त्यानं आता बंद करा’ असं म्हणून. बहीण म्हणते बंद कोणीच करणार नाही.

वडसावाले भाऊ, दिवाळीनंतर येतो. मुक्कामाची सोय करा.

एक काम उरलंय, सुरुवातीच्या वाजवण्याचं. गावातलं भजनी मंडळ आहे, पण त्यांची खंजिरी फुटली आहे आणि मृदंगवाले पोराकडं नाशिकला गेले आहेत.

बुढीचा_नातू
खंजिरीवाले आमच्या गावात दोन हायेत. रविवारी पाठवतो. गाडीचं भाडं तुमच्याकडं.

पऱ्हाटीवाला
भाडं दिलं. जेवण पण इथंच. रोडगे अन् वांग्याची भाजी.

कुलरची_हवा
रोडगे असतील तर माइक घेऊन मी पण येतो. खंजिरी फोनवर नका रेकॉर्ड करू, फाटेल आवाज.